मिलिंद हे नाव कुठून आले?

आज एकाच नावाविषयी बोलू या. मिलिंद. तुमच्या गावात या नावाचा एक तरी माणूस असेलच. शाळेचे गुरुजी असतील, एसटीचा कंडक्टर असेल, नाहीतर शेजारच्या घरातला दहावीला बसलेला पोरगा असेल. आई हाक मारते 'मिलिंदा', मित्र म्हणतात 'मिल्या'. नाव इतके घरचे झाले आहे की ते परमुलखातून आले असेल असे मनातही येत नाही. पण ते आलेले आहे, आणि फार लांबून. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी एका ग्रीक राजाचे हे नाव होते. त्याचे मूळ रूप होते मेनांद्रोस.

आधी अर्थ बघू. मेनांद्रोस या नावाचे दोन तुकडे पडतात. मागचा तुकडा 'आंद्रोस'. ग्रीक भाषेत पुरुषाला 'आनेर' म्हणतात, त्यातून तो आला. हा आनेर आणि आपला 'नर' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. ग्रीक आणि संस्कृत या फार मागे एकाच भाषेतून निघाल्या, म्हणजे चुलत बहिणीच म्हणा ना. म्हणून असे शब्द दोघींच्या घरात सापडतात. पुढचा तुकडा 'मेन'. त्याचे मूळ अभ्यासक दोन प्रकारे सांगतात. एक शब्द आहे 'मेनोस', म्हणजे जोर, धमक, उमेद. त्याचे संस्कृतातले भावंड 'मनस्', आपले रोजचे 'मन'. दुसरा शब्द आहे 'मेनो', म्हणजे थांबणे, टिकून राहणे, पाय मागे न घेणे. पहिला धरला तर मेनांद्रोस म्हणजे मनाची धमक असलेला नर. दुसरा धरला तर समोर माणसे चालून आली तरी जागा न सोडणारा. मला पहिला जास्त आवडतो. मन आणि नर, दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे, आणि ते जोडून एक ग्रीक नाव तयार होते, हे ऐकून गंमत वाटते.

आता याच शेपटीचे दुसरे नाव ऐका. आलेक्सांद्रोस, म्हणजे माणसांचे रक्षण करणारा. त्यातले सुरुवातीचे 'अल' अरबी लोकांना आपल्या भाषेतल्या 'अल' या जोडशब्दासारखे वाटले. ते त्यांनी बाजूला काढले आणि उरले इस्कंदर. आपल्याकडे तो सिकंदर झाला. म्हणजे तुमच्या गावच्या शाळेत मिलिंद आणि सिकंदर एका बाकावर बसत असतील, तर दोघांच्या नावांचे शेवटचे हाड एकच आहे. आपण मात्र त्यांना दोन वेगळ्या मोहल्ल्यांतली नावे समजतो.

हा मेनांद्रोस हिंदुस्थानात आला कसा? तसे पाहिले तर तो आला नाही, इकडचाच होता. सिकंदर इ. स. पूर्व ३२६ मध्ये पंजाबात आला आणि परत फिरला. पण त्याच्यामागे आजच्या अफगाणिस्तानाच्या भागात ग्रीक लोकांच्या वस्त्या राहिल्या. तिथेच पिढ्या वाढल्या, तिथेच राज्ये झाली. इ. स. पूर्व १५५ ते १३० च्या सुमारास त्यांच्यातला मेनांद्रोस हा सगळ्यांत नावाजलेला राजा झाला. त्याची राजधानी सागल, म्हणजे आज पाकिस्तानात असलेले सियालकोट असे मानतात. बौद्ध ग्रंथात त्याचा जन्म 'अलसंद' नावाच्या ठिकाणी झाल्याचे सांगितले आहे. अलसंद म्हणजे आलेक्झांड्रिया, सिकंदराच्या नावाने वसलेले गाव. बघा, सिकंदर पुन्हा भेटला.

त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक लिपीत नाव आहे आणि दुसऱ्या बाजूला तिकडच्या खरोष्ठी लिपीत, प्राकृत भाषेत. ग्रीक बाजूला त्याची पदवी 'सोटेर', आणि आपल्या बाजूला 'त्रातार', म्हणजे तारणारा. दोन भाषांची प्रजा, म्हणून दोन भाषांचे नाणे. आपल्या नोटेवर इतक्या भाषा असतात, त्यातलाच हा प्रकार. नाण्याच्या प्राकृत बाजूला नाव पडले 'मेनंद्र'. एका जुन्या अस्थिपात्रावरच्या लेखात ते 'मिनेद्र' झाले आहे. आणि पाली भाषेतल्या ग्रंथात 'मिलिंद'.

न चा ल कसा झाला, असे कोणी विचारेल. तर आपल्या आजीने 'नंबर'चा 'लंबर' कसा केला ते आठवा. रेशनच्या दुकानात आजही 'माझा लंबर आला का' असे विचारणाऱ्या बाया आहेत. पुढे अनुनासिक आले की आधीचा न घसरून ल होतो, तोंडाला ते सोपे पडते. शेवटचा 'द्र' जाऊन 'द' राहिला, तोही याच वाटेने. चंद्राचा चांद झाला, सूत्राचे सूत झाले, तसा. शिवाय 'इंद्र' हा शब्द लोकांच्या कानात बसलेला होता, त्याचीही सावली या नावावर पडली असावी. काश्मीरच्या क्षेमेंद्र कवीने अकराव्या शतकात लिहिताना तर त्याला 'मिलिंद्र'च करून टाकले. परक्या शब्दाला आपल्या ओळखीचे कपडे घालायची आपली सवय जुनी आहे. याच राजाच्या सोबत असलेल्या ग्रीक माणसांची नावे पाली ग्रंथात 'देवमंतिय' आणि 'अनंतकाय' अशी येतात. ऐकायला अगदी देव, मंत्री, अनंत. पण आत दडलेले आहेत देमेत्रिओस आणि अंतिओखोस, असे जाणकार सांगतात. स्टेशनाचे ठेसन आणि लॉर्डाचा लाटसाहेब करणाऱ्यांना यात नवल वाटायचे कारण नाही.

आपल्या मराठवाड्याचा या ग्रीकांशी काही संबंध होता का? होता, व्यापाराचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाचे एक पुस्तक लिहिले. त्यात गुजरातेतल्या भडोच बंदराची माहिती देताना तो सांगतो की मेनांद्रोसची जुनी नाणी तिथल्या बाजारात अजून चालतात. राजा जाऊन दीडशेहून जास्त वर्षे झाली होती आणि नाणे चालू होते! त्याच पुस्तकात आपले पैठण आहे आणि धाराशिव जिल्ह्यातले तेरही आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांची वाट, तिथून तेर आणखी दहा दिवसांची. पैठणहून रंगीत गोमेद दगड आणि तेरहून कापड गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे. मेनांद्रोसचे एखादे नाणे त्या गाडीवानांच्या हातात पडले असेल, असा विचार माझ्या मनात येतो.

या ग्रीकांना आपले लोक 'योन' किंवा 'यवन' म्हणत. आयोनिया नावाच्या ग्रीक प्रांतावरून तो शब्द आला. पुढे शेकडो वर्षांनी तो मुसलमानांसाठी वापरला जाऊ लागला, म्हणून जुन्या मराठी पुस्तकात 'यवन' वाचले की आपला घोटाळा होतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत १७ क्रमांकाचे लेणे एका यवनाने कोरवून घेतले, तसा लेख तिथे आहे. त्याचे नाव इंद्राग्निदत्त, बापाचे नाव धर्मदेव, मुलाचे नाव धर्मरक्षित. यवन असून तिन्ही नावे इकडची! कार्ल्याच्या लेण्यातले काही खांबही यवनांनी दान दिलेले आहेत. थोडक्यात, नावांची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालली होती. त्यांनी आपली घेतली, आपण त्यांची घेतली.

पण त्या काळी ग्रीक राजे पुष्कळ झाले. त्यांतल्या बहुतेकांची नावे आज नाणी गोळा करणारेच सांगू शकतील. मग मिलिंदच आपल्या घरात कसा आला? त्याचे कारण एक पुस्तक आहे. 'मिलिंदपञ्ह', म्हणजे मिलिंदाचे प्रश्न. पाली भाषेतला ग्रंथ आहे आणि त्याची मराठी भाषांतरे मिळतात. राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तर देतात, असे ते पुस्तक आहे. राजा वादविवादात मोठा पट्टीचा. त्याच्यासमोर कोणी टिकत नसे. मग त्याला नागसेन भेटले.

आणि मैत्रिणींनो, त्या दोघांचे बोलणे सुरू कशावरून होते? नावावरून! राजा विचारतो, आपले नाव काय. भिक्खू सांगतात, लोक मला नागसेन म्हणतात, पण हे हाक मारण्यापुरते आहे, या नावाच्या आत कायमचा असा कोणी बसलेला नाही. राजा म्हणतो, मग चीवर कोण घालतो, जेवण कोण घेतो? केस म्हणजे नागसेन का, हाडे म्हणजे नागसेन का? भिक्खू प्रत्येकाला नाही म्हणतात आणि उलट विचारतात, महाराज, आपण इथे कसे आलात? रथात बसून. मग रथ कोणता ते दाखवा. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी कबूल करतो की हे सगळे नीट जोडले की त्याला रथ म्हणायचे.

रथ आपण पाहिला नाही, पण बचत गट पाहिला आहे. अध्यक्ष म्हणजे गट का? सचिवबाईंकडचे रजिस्टर म्हणजे गट का? बँकेचे पासबुक म्हणजे गट? दहा जणी महिन्याला जमतात, पैसे टाकतात, हिशेब बोलतात, त्याला आपण गट म्हणतो. जमणे बंद पडले की पासबुक असूनही गट नसतो. हे आपल्यापैकी कितीतरी गावांनी पाहिलेले आहे.

याच पुस्तकात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती पुढचे बोलणे करण्याआधीची एक अट. नागसेन राजाला म्हणतात, तुम्ही पंडितांसारखे बोलणार असाल तर मी बोलेन, राजासारखे बोलणार असाल तर नाही. फरक काय? पंडितांच्या बोलण्यात एकाचे म्हणणे दुसरा खोडतो, चूक दाखवतो, चूक असेल तो कबूल करतो आणि कोणी चिडत नाही. राजाच्या बोलण्यात राजा एक बाजू धरतो आणि जो पटत नाही म्हणेल त्याला शिक्षा होते. मिलिंदाने ती अट मान्य केली. हातात तलवार असलेल्या माणसाने मान्य केली, हे लक्षात घ्या. आपल्या ग्रामसभेत बाई प्रश्न विचारायला उठली की पहिल्या रांगेतून आवाज येतो, 'खाली बसा'. ते राजाचे बोलणे झाले.

राजाचा शेवट दोन ठिकाणी दोन तऱ्हेने सांगितला आहे. पाली ग्रंथ सांगतो की त्याने राज्य मुलाला दिले आणि घर सोडले. प्लुटार्क नावाचा ग्रीक लेखक सांगतो की तो लष्कराच्या तळावर वारला, त्याच्या रक्षेसाठी शहरांत भांडण लागले आणि शेवटी सगळ्यांनी ती वाटून घेतली. गोष्टी जुळत नाहीत, पण राजा लोकांच्या मनातला होता हे दोन्हींतून कळते.

इथून आपण थेट आपल्या शहरात येऊ. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणाची सोय इथे नावापुरतीच होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती. त्या संस्थेने १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. ते कॉलेज म्हणजे आपले मिलिंद महाविद्यालय, आणि तो सगळा परिसर म्हणजे नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कॉलेजला आणि उत्तर देणाऱ्याचे नाव भोवतालच्या झाडांना. जिल्ह्याच्या कामाला जाताना तुम्ही त्या फाटकावरून कितीदा गेला असाल.

बाबासाहेबांनी राजाचेच नाव का घेतले? बौद्धिक प्रामाणिकपणासाठी. मिलिंद विद्वान होता, त्याला विद्येचा गर्वही होता. पण समोरच्याचे म्हणणे बरोबर आहे असे पटल्यावर त्याने ते मान्य केले. वादात हरला आणि त्यातून मोठा झाला. शिकायला येणाऱ्या मुलामुलींसमोर कोणाचा नमुना ठेवायचा, तर अशाचा. आता ही मुले कोणती, तेही बघा. त्यांतल्या कित्येकांच्या आईबापांना गावात नावाने कोणी नीट हाक मारलेली नव्हती.

नागसेन म्हणतात नाव हाक मारण्यापुरते असते, आणि ते खरेच आहे. पण ज्याला जन्मभर वाकड्या नावाने हाक मारली जाते त्याला विचारा. आपल्याकडे कचरू, धोंडू, दगडू, भिकू अशी नावे होती. काही घरांत पोरे जगत नसत, म्हणून दृष्ट लागू नये या भीतीने ती ठेवली जात. पण दलित वस्तीत नाव चांगले असले तरी गाव त्याला 'या' लावून अर्धे करत असे. मुलींचे तर आणखीच. 'नकोशी' हे नाव अगदी अलीकडेपर्यंत शाळेच्या पटावर होते. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून अडीचशेहून जास्त नकोशींना नवी नावे दिली गेली, तेव्हा मुलींनी आपली नावे आपण निवडली.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर बारशातली नावे बदलली. सिद्धार्थ, राहुल, अशोक, नागसेन, मिलिंद. ज्या घरात पूर्वी पाटी पेन्सिल पोहोचली नव्हती तिथल्या पोराला एका राजाचे नाव मिळाले, तेही प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. ही गोष्ट साधी नव्हती. नाव देण्यावरून काय होऊ शकते ते आपल्या मराठवाड्याइतके कोणी पाहिलेले नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला. त्यावरून वस्त्या जळाल्या, माणसे गेली, आणि नावाचा विस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. तुमच्यापैकी साठीच्या पुढच्या बायांना ते दिवस आठवत असतील.

आता कोणी म्हणेल, आमच्या मिलिंदचा अर्थ तर वेगळाच सांगतात. बरोबर आहे. संस्कृत कोशात 'मिलिंद' म्हणजे भुंगा, कमळावर घिरट्या घालणारा. कवींना हा शब्द आवडतो. पुष्कळ घरांत तोच अर्थ मनात धरून हे नाव ठेवलेले असते. भुंगा आणि राजा यांचा एकमेकांशी संबंध नाही, दोन शब्द सारखे ऐकू येतात एवढेच. त्यामुळे झाले असे की हे नाव जातीवरून ओळखता येत नाही. वस्तीतही मिलिंद, वाड्यातही मिलिंद. मला ही त्या नावाची मोठी कमाई वाटते.

मुलींसाठी काय, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. त्याच ग्रीक घराण्यांत अगाथोक्लिया नावाची राणी होती. ती मिलिंदाची राणी असावी असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. अगाथोस म्हणजे चांगले आणि क्लेओस म्हणजे कीर्ती, म्हणून जिची कीर्ती चांगली ती. तिच्या नावाची नाणी आहेत. आपल्याकडे नाणेघाटातल्या लेखामुळे सातवाहनांची राणी नागनिका ओळखीची आहे. आणि नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, जिच्या नावाने तिचा मुलगा गौतमीपुत्र म्हणवला गेला. अगाथोक्लिया हाक मारायला अवघड जाईल, पण नागनिका आणि बलश्री ही नावे बारशात ऐकायला मला फार आवडतील.

जाता जाता कामाची गोष्ट. आत्याने कानात सांगितलेले नाव कागदावर यायला हवे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची असते. तेव्हा नाव ठरले नसेल तरी नोंद होते. बाळाचे नाव पुढे वर्षभरात फी न भरता घालता येते, आणि नंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळांना शाळा, आधार आणि इतर कामांसाठी जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा धरला जातो. म्हणून दाखला हातात पडला की तिथल्या तिथे मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरे कोणाकडून तरी वाचून घ्या. तिथे न चा ल चुकून झाला तर तो लंबर लावून दुरुस्त करत बसावा लागतो.